रिपोर्टवरचा ‘नॉर्मल’ आकडा कोणाच्या रक्तावरून ठरतो?

विहारात आरोग्य शिबिर झाले की पुढचा आठवडाभर वस्तीत रिपोर्टचाच विषय असतो. नळावर, किराणा दुकानासमोर, संध्याकाळी ओट्यावर बसल्यावरही तेच. इंदोरा असो, पाचपावली असो की वैशालीनगर, बोलणे साधारण असे चालते.

“माह्या टीएसएच पाच पॉइंट दोन आला बाप्पा. आकड्याच्या बाजूला चांदणी मारून आहे.”

“माह्या सुनेचा बी तसाच आला. आपल्या लोकायमंदी थायरॉइड जास्तच रायते म्हणते.”

“शुगर तं आपल्या रक्तातच आहे.”

तेवढ्यात एखादा कॉलेजचा मुलगा मोबाईल पुढे करतो. गोऱ्या लोकांत मर्दानी हार्मोन जास्त असते आणि आपल्यात मुळातच कमी असते, असे त्यात लिहिलेले असते. जिममधल्या कोणीतरी त्याला डबाभर पावडर घ्यायला सांगितलेले असते.

या सगळ्या बोलण्याच्या मुळाशी एकच समजूत आहे. एका समाजाच्या रक्तातले हार्मोन दुसऱ्या समाजापेक्षा जन्मतःच वेगळे असतात आणि त्यावर कोणाचा इलाज चालत नाही, ही ती समजूत. ती कितपत खरी आहे? हार्मोन मोजतात कसे? दोन देशांतल्या किंवा दोन समाजांतल्या माणसांची तुलना कशी करतात? आपल्याच महाराष्ट्रात, पुण्यात, याविषयी जगभर नाव झालेले संशोधन झाले आहे. या अंकात त्याची माहिती घेऊ.

हार्मोन किती असते?

हार्मोनला मराठीत संप्रेरक म्हणतात. शरीरातल्या ग्रंथी ते तयार करतात, रक्तातून ते सगळीकडे फिरते आणि निरनिराळ्या अवयवांना कामाचा हुकूम देते. स्वादुपिंडातून निघणारे इन्सुलिन रक्तातली साखर पेशींच्या आत पोचवते. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी शरीराच्या कामाचा वेग सांभाळते आणि तिला काम सांगणारे टीएसएच मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येते. टेस्टोस्टेरॉन पुरुषांत जास्त आणि स्त्रियांत थोडे असते. प्रोजेस्टेरॉन स्त्रीच्या पाळीच्या चक्रात वाढते, उतरते. लेप्टिन चरबीच्या पेशींतून निघते आणि साठा किती आहे हे मेंदूला कळवते.

हे सगळे अगदी सूक्ष्म प्रमाणात असते. एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले तर त्यातल्या एका भागाला नॅनोग्रॅम म्हणतात. निरोगी तरुणाच्या एक मिलिलिटर रक्तात टेस्टोस्टेरॉन साधारण ३ ते १० नॅनोग्रॅम असते. इतकी बारीक वस्तू मोजण्याची रीत १९५० च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्स भागातील माजी सैनिकांच्या रुग्णालयात रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी शोधली. त्यांनी या रीतीने पहिले मोजले ते इन्सुलिन. बर्सन १९७२ मध्ये वारले. यालो यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आजच्या लॅबमधली यंत्रे त्याच विचारावर चालतात. हार्मोनला नेमके चिकटणारे प्रतिद्रव्य, म्हणजे अँटिबॉडी, नमुन्यात घालतात आणि किती चिकटले ते मोजतात. प्रत्येक कंपनीच्या किटमधले प्रतिद्रव्य थोडे वेगळे असते. त्यामुळे एकाच माणसाचे रक्त एकाच दिवशी दोन लॅबमध्ये दिले तरी आकडे तंतोतंत जुळत नाहीत. केसांसाठी मिळणाऱ्या काही गोळ्यांत बायोटिन भरपूर असते. त्याने काही यंत्रांवर थायरॉइडचा आकडा चुकतो. अशी गोळी चालू असेल तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना आणि लॅबवाल्याला सांगावे.

‘नॉर्मल’ची रेघ कशी ओढतात?

रिपोर्टवर आपल्या आकड्याच्या उजवीकडे कंसात दोन आकडे असतात. टीएसएचसाठी ते साधारण ०.४ ते ४ च्या आसपास असतात. हे आकडे निसर्गाने ठरवून दिलेले नाहीत. निरोगी समजलेल्या माणसांचे रक्त तपासतात, सगळे आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडतात आणि मधले ९५ टक्के घेतात. खालचे अडीच टक्के आणि वरचे अडीच टक्के रेघेबाहेर जातात. म्हणजे ज्या निरोगी माणसांवरून ही रेघ ठरली, त्यांच्यातलेच शंभरातले पाच जण रेघेबाहेर असतात.

आता ‘फुल बॉडी चेकअप’चा हिशोब करा. पॅकेजमध्ये २० तपासण्या असल्या आणि माणूस पूर्ण धडधाकट असला, तरी निदान एका आकड्यावर चांदणी येण्याची शक्यता साधारण ६४ टक्के असते. शंभर निरोगी माणसांनी असे पॅकेज घेतले तर साठाहून अधिक जण घाबरून घरी जातील. म्हणून चांदणी दिसली की “पुन्हा नीट पाहा” एवढाच तिचा अर्थ घ्यावा. आजार आहे की नाही हे लक्षणे, तपासणी आणि दुसरा नमुना पाहून डॉक्टर ठरवतात.

दुसरी गोष्ट अशी, की ही निरोगी माणसे कुठली होती? पुष्कळ किटसोबत येणाऱ्या मर्यादा युरोप-अमेरिकेतल्या लोकांच्या रक्तावरून ठरलेल्या असतात. लॅबने आपल्या भागातल्या लोकांवर त्या तपासून घ्याव्यात, अशी अपेक्षा असते. गरोदरपणात टीएसएच बदलते, म्हणून त्या काळासाठी मर्यादा वेगळी लावतात आणि ती शक्यतो आपल्या भागातल्या गरोदर स्त्रियांवरून ठरवावी, असे थायरॉइडच्या तज्ज्ञांचेही म्हणणे आहे. वय वाढते तसे टीएसएच थोडे वर सरकते. सत्तरीच्या आजीचा आणि पंचविशीच्या नातीचा आकडा एकाच फूटपट्टीने मोजणे बरोबर नाही.

तुलना करायची तर सगळे सारखे हवे

समजा, एका गावातल्या पुरुषांचे रक्त सकाळी सातला घेतले आणि दुसऱ्या गावातल्या पुरुषांचे दुपारी चारला. पहिल्या गावात टेस्टोस्टेरॉन जास्त भरेल. त्यावरून पहिल्या गावचे पुरुष जास्त मर्दानी म्हणायचे का? टेस्टोस्टेरॉन सकाळी जास्त असते आणि दिवसभरात उतरते, एवढेच त्यातून सिद्ध होईल. जेवणानंतर, तापात आणि जागरणानंतरही ते खाली येते. ताणाच्या वेळी वाढणारे कॉर्टिसॉल पहाटे वर जाते आणि रात्री तळाला येते, म्हणून रात्रपाळीच्या चौकीदाराचा आकडा दिवसपाळीच्या माणसाशी जुळत नाही. इन्सुलिन पोटात अन्न गेले की चढते. प्रोजेस्टेरॉन पाळीच्या कितव्या दिवशी मोजले यावर सगळे ठरते.

ऋतूचाही परिणाम असतो. नेपाळच्या डोंगरातल्या तामांग स्त्रियांचा अभ्यास झाला. पावसाळ्यात शेतीचे काम वाढून ज्यांचे वजन उतरले, त्यांचे प्रोजेस्टेरॉनही उतरले. त्याच स्त्रिया, तेच रक्त, फक्त कामाचा हंगाम वेगळा. हार्वर्ड विद्यापीठाचे पीटर एलिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोस्टनच्या, नेपाळच्या आणि आफ्रिकेतल्या इतुरी जंगलातल्या स्त्रियांची लाळ तपासून अशी तुलना केली. लाळेतही हार्मोन उतरते. ती गोळा करायला सुई लागत नाही, म्हणून दूरच्या खेड्यांतही हे काम करता आले. पोटभर खाणाऱ्या आणि कमी अंगमेहनत करणाऱ्या बोस्टनच्या स्त्रियांत प्रोजेस्टेरॉन सर्वात जास्त निघाले.

म्हणून “अमक्या समाजात हार्मोन कमी” असे कोणी सांगितले की त्याला विचारावे: किती वाजता मोजले? उपाशीपोटी की जेवून? वय सारखे होते का? वजन? काम? यंत्र एकच होते का? याची उत्तरे नसतील तर त्या वाक्याला किंमत नाही.

पुणे आणि लंडनची बाळे

काळजी घेऊन केलेली तुलना कशी असते, याचे उदाहरण पुण्याच्या केईएम रुग्णालयाने घालून दिले. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. गर्भ राहण्याच्या आधीपासून त्यांचे वजन, उंची, आहार आणि काम यांची नोंद ठेवली. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचे शास्त्रज्ञ त्यात सहभागी होते. या स्त्रियांचे गर्भारपणापूर्वीचे सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होते आणि उंची पाच फुटांच्या जवळपास.

प्रश्न असा होता, की भारतीय माणसे पाश्चात्यांपेक्षा बारीक असूनही त्यांना मधुमेह लवकर आणि जास्त का होतो? हे मोठेपणीच्या खाण्यापिण्याने होते, की त्याची सुरुवात आधीच झालेली असते? त्यासाठी बाळाच्या नाळेतले रक्त तपासायचे ठरले. नाळेचे रक्त तपासण्यात मोठी सोय आहे. बाळाने अजून ना भात खाल्ला आहे, ना समोसा. बसून काम केलेले नाही की तंबाखू खाल्लेला नाही. त्या रक्तात जो फरक दिसेल तो जन्माआधीचाच असणार.

पुण्याची १५७ आणि लंडनची ६७ बाळे यांची तुलना २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. पुण्याच्या बाळांचे सरासरी वजन २.८ किलो होते आणि लंडनच्या गोऱ्या बाळांचे ३.५ किलो. वजन इतके कमी असताना इन्सुलिनही कमी भरायला हवे होते. पण पुण्याच्या बाळांच्या नाळेतल्या रक्तात ते जास्त निघाले. वजनाचा हिशोब धरल्यावर लेप्टिनही जास्त दिसले. चिमट्याने कातडीची जाडी मोजली तेव्हा कारण दिसून आले. आपली बाळे स्नायूंनी आणि अवयवांनी लहान होती, पण पाठीवर, खांद्याच्या हाडाखाली असलेली चरबी त्यांनी जवळजवळ राखून ठेवली होती. दिसायला बारीक आणि आतून चरबीची, असे हे बाळ.

मोठ्या माणसांतही हाच प्रकार दिसतो. २००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपला दोघांचा फोटो छापला. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय दोघांचाही २२.३ होता. पण शरीरातली चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होती. काट्यावर दोघेही सारखेच होते.

या मोजमापांचा आपल्याला थेट उपयोग झाला. पाश्चात्य देशांत बीएमआय २५ झाला की वजन जास्त समजतात. आशियातल्या लोकांसाठी २३ पासूनच सावध व्हावे, असे २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी सुचवले. भारतातही २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. कंबरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा. शिलाई मशीनजवळच्या टेपने हे घरीच मोजता येते. इंचात सांगायचे तर साडेपस्तीस आणि साडेएकतीस. बेंबीजवळ, श्वास सोडून, टेप न आवळता मोजावे.

मग दोष रक्ताचा का?

“म्हणजे आपल्या रक्तातच शुगर आहे, हेच खरे ना?” असे वाटू शकते. थोडे थांबून पाहू.

त्याच सहा गावांच्या अभ्यासात आणखी गोष्टी पुढे आल्या. ज्या आयांनी गरोदरपणात दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळे जास्त वेळा खाल्ली, त्यांची बाळे अंगापिंडाने मोठी होती. ज्यांना शेतावर आणि घरी जास्त कष्ट उपसावे लागले, त्यांची बाळे लहान होती. जवळजवळ दोन तृतीयांश स्त्रियांच्या रक्तात बी१२ हे जीवनसत्त्व कमी निघाले. त्यांची मुले सहा वर्षांची झाली तेव्हा पुन्हा तपासली. ज्यांच्या आईला गरोदरपणात फोलेट भरपूर पण बी१२ कमी होते, त्या मुलांचे शरीर इन्सुलिनला सर्वात कमी दाद देत होते. २००८ मध्ये हे प्रसिद्ध झाले. म्हणजे बाळाच्या नाळेतला आकडा आईच्या ताटाशी आणि तिच्या कष्टाशी जोडलेला आहे.

इथे एक इशारा. हे वाचून कोणी फोलिक अ‍ॅसिडची गोळी बंद करू नये. ती बाळाच्या मेंदूसाठी आणि मणक्यासाठी आवश्यक आहे. तिच्या जोडीला बी१२ हवे, हा याचा अर्थ.

आहार सुधारला की एका पिढीत सगळे निवळते, असेही नाही. १८७३ पासून भारतातून मजूर म्हणून दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला नेलेल्या लोकांच्या चौथ्या-पाचव्या पिढीतल्या बाळांत हीच बारीक पण चरबीची ठेवण दिसली. त्यात जनुकांचा काही वाटा असेल. आईच्या शरीरावर आजीच्या उपासमारीचाही ठसा राहत असेल, कारण आई स्वतः आजीच्या पोटात वाढली. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. एवढे मात्र नक्की, की जन्मतः असलेला धोका म्हणजे आजार नव्हे. तो धोका आजारापर्यंत पोचतो की नाही, हे पुढच्या खाण्यावर, चालण्यावर आणि वेळेवर झालेल्या तपासणीवर पुष्कळ अवलंबून असते.

सिल्हेटची माणसे, दोन देश

आता मोबाईलवाल्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. बांगलादेशातल्या सिल्हेट भागातून पुष्कळ कुटुंबे लंडनला जाऊन राहिली. इंग्लंडच्या डरहॅम विद्यापीठातल्या जिलियन बेंटली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच लोकांचा अभ्यास केला. काही जण बांगलादेशातच राहिलेले, काही लहानपणी लंडनला आलेले, काही मोठेपणी आलेले, काही तिथेच जन्मलेले. मूळ सगळ्यांचे एकच.

पुरुषांचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. लहानपण इंग्लंडमध्ये गेलेल्यांचे टेस्टोस्टेरॉन जास्त होते, ते उंच होते आणि वयातही लवकर आले होते. मोठेपणी गेलेल्यांचा आकडा मात्र कमीच राहिला, मग त्यांनी लंडनमध्ये कितीही वर्षे काढलेली असोत. स्त्रियांच्या प्रोजेस्टेरॉनचेही असेच निघाले, ते २००७ मध्ये प्रसिद्ध झाले होते. यातल्या पुष्कळ कुटुंबांना मायदेशी अन्नाची चणचण नव्हती. संशोधकांचा कयास असा, की लहानपणी वारंवार होणारी हगवण, जंत आणि ताप यांच्याशी लढण्यात शरीराची शक्ती खर्च होते, म्हणून हार्मोनकडे हात आखडता घेतला जातो.

फरक वंशाचा असता तर सिल्हेटचा माणूस कुठेही वाढला तरी आकडा तोच राहिला असता. आकडा बालपण कुठे गेले यावर ठरला. वस्तीत नाली उघडी असणे, पाइपात गढूळ पाणी येणे, पोराला महिन्यातून दोनदा हगवण लागणे, हे प्रश्न हार्मोनचेही आहेत, असे यातून समजावे.

आणि टेस्टोस्टेरॉन जास्त म्हणजे तब्येत उत्तम, असेही नाही. ते जास्त असण्याचे धोकेही आहेत, प्रोस्टेट ग्रंथीचा आजार हा त्यातला एक. जिममधल्या डब्यात किंवा इंजेक्शनात बाहेरून हे हार्मोन घेतले की शरीर स्वतःचे तयार करणे थांबवते, वीर्यातले शुक्राणू घटतात, मूल होण्यात अडचण येऊ शकते. तरुणांनी या वाटेला जाऊ नये. खरोखर कमी असल्याची लक्षणे असतील, तर सकाळी उपाशीपोटी, वेगवेगळ्या दोन दिवशी तपासूनच डॉक्टर निदान करतात.

मोजमापाची पट्टी आणि माणूस

माणसांच्या गटांची मोजमापे आपल्याला नवी नाहीत. इंग्रजांच्या काळात रिस्ले या अधिकाऱ्याने नाकाची लांबी-रुंदी मोजून जातींचा वंश ठरवण्याचा घाट घातला होता. बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात डॉ. घुर्ये यांनी दिलेले नाकाच्या मापांचे तक्ते घेतले आणि प्रांताप्रांतांतल्या ब्राह्मणांची आणि अस्पृश्यांची मापे शेजारी शेजारी ठेवली. हे शास्त्र खरे मानायचे असेल तर दोघांचा वंश एकच ठरतो, असे त्यांनी दाखवून दिले. त्यांनी मोजमापापासून पळ काढला नाही. आकडे नीट वाचले आणि त्यांतून काय निघते आणि काय निघत नाही, हे स्पष्ट केले. त्याच सुमारास मधुमेहाने त्यांचे स्वतःचे शरीर पोखरायला सुरुवात केली होती, हे आपल्याला माहीत आहेच.

गटाचा आकडा माणसावर आंधळेपणाने लादला की नुकसान होते, याचा अनुभव अमेरिकेत आला. तिथे मूत्रपिंडाचे काम मोजण्याच्या सूत्रात, माणूस काळा असेल तर उत्तर वाढवून धरण्याची रीत होती. त्यामुळे काळ्या रुग्णांचे मूत्रपिंड प्रत्यक्षापेक्षा चांगले दिसे आणि प्रत्यारोपणाच्या यादीत त्यांचा नंबर उशिरा लागे. २०२१ मध्ये तिथल्या तज्ज्ञांनी ते सूत्र बदलून वंशाची अट काढून टाकली.

सरासरीचा अर्थही समजून घेऊ. दोन वस्त्यांची सरासरी वेगळी असली, तरी पहिल्या वस्तीतले असंख्य लोक दुसऱ्या वस्तीतल्या लोकांसारखेच असतात. एकाच घरातल्या दोन भावांचे आकडेही एकमेकांपासून दूर असू शकतात. सरासरी शासनाला धोरण ठरवायला उपयोगी पडते. तुमचा आजार मात्र तुमच्याच तपासणीवरून ठरतो.

सिकलसेल असेल तर हे नक्की वाचा

विदर्भात, आपल्या समाजातही, सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. मधुमेहासाठी हल्ली तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ही तपासणी करतात. ती लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनवर चिकटलेली साखर मोजते. सिकलसेलच्या रुग्णात लाल पेशी लवकर मरतात. साखर चिकटायला त्यांना वेळच मिळत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. वाहक माणसातही काही वेळा तो खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतो. उलट, लोह कमी असल्यामुळे झालेल्या पंडुरोगात तो वाढलेला दिसू शकतो. त्यामुळे घरात कोणी सिकलसेलचा रुग्ण किंवा वाहक असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगा आणि उपाशीपोटीची व दोन तासांनंतरची साखर तपासून घ्या. ‘नॉर्मल’ आकडा पाहून निर्धास्त होणे इथे महागात पडते.

घरी काय करावे?

१. टीएसएच किंचित वाढलेले असेल आणि त्रास नसेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन-तीन महिन्यांनी, शक्यतो त्याच लॅबमध्ये आणि त्याच वेळी, टी४ सह पुन्हा तपासा. पुष्कळदा दुसरा आकडा आपोआप रेघेच्या आत येतो. गरोदर स्त्रीने मात्र थांबू नये, लगेच डागा, मेडिकल, मेयो किंवा जवळच्या रुग्णालयात दाखवावे.

२. डॉक्टरांनी सुरू केलेली थायरॉइडची किंवा शुगरची गोळी मैत्रिणीच्या सांगण्यावरून बंद करू नये, वाढवूही नये. एकमेकींच्या गोळ्या घेऊ नयेत.

३. सगळे जुने रिपोर्ट एका पिशवीत तारखेनुसार ठेवा. एका आकड्यापेक्षा दोन वर्षांचे चार आकडे डॉक्टरांना जास्त सांगतात.

४. मुलीच्या ताटाकडे आजच पाहा. ती उद्याची आई आहे. तिला अंडे, दूध किंवा दही, जमेल तेव्हा मासे, सुकट किंवा मटण मिळू द्या. बी१२ यांतूनच मिळते, पालेभाजीतून मिळत नाही. जे मांसाहार करत नाहीत त्यांनी दूध-दही नेमाने घ्यावे आणि गोळीविषयी डॉक्टरांना विचारावे. मेथी, पालक, आंबाडी, चिवळ, तरोटा या भाज्या स्वस्तात मिळतात, त्यांतून फोलेट आणि इतर सत्त्वे मिळतात. घरात सगळ्यांचे झाल्यावर उरलेसुरले तिने खावे, ही रीत मोडा.

५. गरोदर सुनेला पाण्याच्या गुंड्या उचलायला लावू नका. घरातल्या पुरुषांनी पाणी भरावे. सहा गावांच्या अभ्यासातून निघालेला हा सल्ला पाळायला पैसा लागत नाही.

६. तिशी ओलांडली की वर्षातून एकदा कंबर मोजा आणि साखर तपासा. आईवडिलांना मधुमेह असेल तर त्याआधीही.

७. नाली, पाणी आणि संडास यांसाठी वस्तीने एकत्र येऊन अर्ज द्यावा. पोरांची हगवण थांबली तर त्यांची वाढ सुधारते.

पुढच्या शिबिरात चांदणी दिसली की रिपोर्ट घडी घालून कपाटात टाकू नका आणि “आपल्या लोकायमंदी असतेच” असेही म्हणू नका. किती वाजता रक्त दिले, काय खाल्ले होते आणि कोणत्या गोळ्या चालू होत्या, एवढे त्याच कागदावर पेनने लिहून ठेवा आणि तो कागद घेऊन डॉक्टरांसमोर बसा. त्या चार ओळींनी डॉक्टरांचे काम निम्मे सोपे होते.